धारण तलाव: नवी मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा पहिला जोरदार पाऊस पडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच प्रश्न नव्याने येतात. तलावाला वास का येतोय? त्यातली झाडं का काढत नाहीत? एवढी जागा आहे तर बोटिंग का सुरू करत नाहीत? मी वीसेक वर्षं अशा एका तलावाच्या काठाला राहते. पाणी घरात शिरलेलं पाहिलंय, आणि तलावाचं खाडीकडचं गेट नीट चालल्यामुळे तेवढ्याच पावसात रस्ता कोरडा राहिलेलाही पाहिलाय. म्हणून ही उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय.

धारण तलाव म्हणजे नेमकं काय? तो साधा तलाव नाही का?

नाही. साधा तलाव पाणी साठवण्यासाठी असतो. तो भरला की आपल्याला आनंद होतो, बायका ओटी भरायला जातात. धारण तलाव पावसाचं पाणी काही तास थोपवून धरण्यासाठी असतो. बोलताना सगळे त्याला होल्डिंग पाँड म्हणतात, वर्तमानपत्रात धारण तलाव लिहितात. पाऊस सुरू होताना तो जितका रिकामा, तितका तो आपल्या उपयोगाचा. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर खालच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

नवी मुंबईला असे तलाव का लागले?

सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना १७ मार्च १९७० ची. शहर जिथे वसवायचं होतं तिथे खाडीच्या बाजूला खाजण (भरतीचं पाणी येणारी खारी जमीन), मिठागरं आणि भातशेती होती. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आपण. डोंगरावरचं पाणी नाल्यांतून थेट खाडीकडे धावतं. खाडीला भरती असेल तर ते पाणी जाणार कुठे?

यावर एक उपाय म्हणजे सगळी जमीन मोठ्यात मोठ्या भरतीच्याही वर येईल इतका भराव टाकायचा. त्याला लागणारी माती, मुरूम आणि पैसा डोळे फिरवणारा. दुसरा उपाय समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या डच लोकांचा: बांध घाला, भराव कमी टाका, आणि भरती असेपर्यंत पाणी थांबायला आत जागा ठेवा. सिडकोने हा दुसरा मार्ग घेतला. म्हणूनच बेलापूर, नेरुळ, सानपाडा, वाशी इथल्या खाडीलगतच्या भागात हे तलाव दिसतात. नेरुळला पामबीच रस्त्यालगत ज्वेल ऑफ नवी मुंबई म्हणून ज्याच्या काठाने आपण सकाळी चालायला जातो, तोही मुळात धारण तलावच.

हे डचांकडूनच शिकावं लागलं का?

तलावांची आखणी त्या धर्तीवर झाली हे खरं. पण ही युक्ती या किनाऱ्याला नवी नव्हती, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. आगरी आणि कोळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खाडीला बांध घालून खारजमिनीत भात पिकवलंय. त्या बांधाला ठरावीक ठिकाणी उघाडी असते: ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला खारं पाणी अडवणारी. गोव्याच्या खाजणांत तिला मानस म्हणतात, आणि भरतीच्या वेळी आतलं पाणी थांबण्यासाठी मानशीच्या आत जो खोलगट भाग राखतात तो पोंय. आपला धारण तलाव म्हणजे शहराची पोंयच आहे.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका आगरी काकांच्या वडिलांकडे बांधाची राखण होती. मी एकदा त्यांना तलावाचं गेट दाखवायला नेलं. गंजलेल्या झडपेकडे ते बराच वेळ बघत उभे राहिले, मग काठीने तिच्या कडेची फट दाखवत म्हणाले, "बाय, झाकन बसला नाय तं बांध कशाला?" त्या फटीतून हाताचा पंजा सहज आत जात होता.

गेट चालतं कसं? भरती आली की कोणी बंद करायला येतं का?

फ्लॅप गेट असेल तर कुणी यावं लागत नाही. तलाव आणि खाडी यांच्यामधल्या भिंतीत मोठ्या खिडक्यांसारखे मार्ग असतात आणि प्रत्येक मार्गाला खाडीच्या बाजूने वरून बिजागरीवर टांगलेली जड झडप असते. आतलं पाणी वर असेल तर ते झडप ढकलून बाहेर पडतं. बाहेरचं पाणी वर चढलं की त्याच्याच दाबाने झडप बंद होते. वीज नको, माणूस नको. साधं आहे म्हणून भरवशाचं आहे, आणि साधं आहे म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्षही होतं.

काही ठिकाणी वरखाली सरकवायची गेटं असतात. ती मात्र माणसानेच वेळेवर उघडायची आणि बंद करायची. काही तलावांना पंपांची जोड असते, म्हणजे उदंचन केंद्र असतं, त्याबद्दल पुढे.

गेल्या आठवड्यात जास्त पाऊस झाला तेव्हा पाणी तुंबलं नाही आणि काल कमी पावसात तुंबलं. असं का?

कारण नुसता पाऊस सहसा बुडवत नाही. पाऊस आणि भरती एका वेळी आली की बुडवतात. ओहोटीला दोन तास धो धो कोसळला तरी पाणी तलावातून सरळ खाडीत जातं. तोच पाऊस भरतीच्या चार-पाच तासांत पडला, गेट बंद असताना, तर सगळं पाणी तलावात थांबतं. तलाव आधीच भरलेला असेल तर ते पावसाळी गटारांतून उलटं रस्त्यावर येतं.

भरतीची वेळ काढायला मोबाइलही लागत नाही. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. हा हिशेब दिवसालाही लागू आणि रात्रीलाही, कारण दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं. खाडीत आत आत जाल तशी भरती थोडी उशिरा पोचते, तेवढी सूट धरायची.

यातून एक फार उपयोगाची गोष्ट निघते. उधाण येतं अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे उधाणाची मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास नाहीतर मध्यरात्रीच्या सुमारास येते. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल तर मुंबईची यंत्रणा आधीच तारखा जाहीर करते. त्या दिवशी मोठ्या पावसाचा इशारा असेल तर तळघरातली गाडी सकाळीच वर काढून ठेवा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपास, भरती कमी चढते आणि तलावाला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

एका तलावात असं कितीसं पाणी मावणार?

हिशेब करून पाहू. आकडे सोपे घेतलेत, कुठल्या एका तलावाचे नाहीत.

समजा १०० हेक्टर वस्तीचं पाणी एका तलावात येतं. भरतीच्या चार तासांत १०० मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर म्हणजे दहा हजार लिटर, एक मोठा टँकर. तर १०० गुणिले १०० म्हणजे दहा हजार टँकर. डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकमुळे यातलं थोडंसंच जमिनीत मुरतं. ८० टक्के वाहून आलं असं धरलं तर आठ हजार टँकर, म्हणजे ८०,००० घनमीटर.

आता तलाव पाच हेक्टरचा, आणि त्यात दीड मीटर उंचीची मोकळी जागा. मावतं ७५,००० घनमीटर. उरलेलं ५,००० घनमीटर दहा हेक्टर सखल भागात पसरलं तर पाच सेंटिमीटर पाणी. चपला भिजतील, एवढंच.

याच तलावात अर्धा मीटर गाळ चढलाय असं धरा. आता मावणार ५०,०००. बाहेर राहिलं ३०,०००. त्याच दहा हेक्टरांवर ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट पाणी. तळमजल्याचा उंबरठा, मीटरबोर्ड, लिफ्टचा खड्डा, दुचाकीचा सायलेन्सर, सगळं त्या फुटात येतं. पाऊस तोच, भरती तीच. फरक अर्ध्या मीटर गाळाचा.

मग तलाव आणखी खोल खणला की झालं ना?

इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. गाळ काढा ही मागणी रास्त आहे, पण "खोल करा" म्हणजे आपोआप जागा वाढली असं होत नाही. ओहोटीला तलावातलं पाणी गेटमधून ज्या पातळीपर्यंत उतरू शकतं, त्याच्याखाली कितीही खणलं तरी तो खड्डा कायम पाण्याने भरलेलाच राहणार. पुढच्या पावसाला त्याचा उपयोग शून्य. कामाची जागा म्हणजे ओहोटीची ती खालची पातळी आणि आपल्या रस्त्यात पाणी चढायला लागतं ती वरची पातळी, यांच्यामधली.

म्हणून निवेदनात नुसतं "तलाव खोल करावा" लिहू नका. लिहा: ओहोटीला तलाव किती पातळीपर्यंत रिकामा होतो ते मोजावं, त्या पातळीच्या वर साचलेला गाळ काढावा, आणि गेटच्या तोंडापासून खाडीपर्यंतची वाट मोकळी ठेवावी. पुष्कळदा तलावापेक्षा ही बाहेरची वाटच जास्त भरलेली असते. ती तुंबली की ओहोटी असूनही पाणी उतरत नाही.

खालच्या पातळीच्याही खाली खणायचं तर पंप हवेत. पंप असले की भरतीच्या वेळीसुद्धा आतलं पाणी बाहेर फेकता येतं. पण नेमक्या त्या रात्री वीज जाते, डिझेल संपलेलं असतं, जाळीला प्लास्टिक अडकलेलं असतं. पंप जरूर मागा, पण गेटाऐवजी नको, गेटाच्या जोडीला मागा.

एवढा गाळ येतो कुठून?

दोन्हीकडून. डोंगराच्या बाजूने नाले माती आणतात, आणि बांधकामांचं डेब्रिज, वाळू, सिमेंटचं पाणीही आणतात. खाडीच्या बाजूने भरतीचं गढूळ पाणी येतं. गेट नीट बसत नसेल तर दिवसातून दोनदा, पावसाळा असो की उन्हाळा, ते पाणी तलावात शिरतं. आत आल्यावर संथ होतं, त्यातली माती खाली बसते, आणि निघताना पाणी तेवढं निघून जातं. एका भरतीचा थर डोळ्यांना दिसतही नाही. पण वर्षाला सातशेच्या वर भरत्या येतात, आणि गेट दहा-पंधरा वर्षं तसंच राहिलं तर काय होईल त्याचा अंदाज करा.

गेट दुरुस्त न करता गाळ काढला तर पुन्हा पैसे गाळातच जातात. वरच्या हिशेबातल्या पाच हेक्टरांवरचा अर्धा मीटर गाळ म्हणजे २५,००० घनमीटर, साधारण अडीच हजार डंपर. एवढा खर्च करण्याआधी झडपा बसल्या पाहिजेत.

गेट अडकतं म्हणजे नेमकं काय होतं?

मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. जुलैची रात्र, अमावास्या जवळ आलेली, साडेअकराला पाऊस उतरला होता. तरी आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेरचं पाणी कमी होण्याऐवजी वाढत होतं. पाऊस नाही आणि पाणी वाढतंय, हे कुणालाच कळेना. मी आणि दोन शेजारी टॉर्च घेऊन बांधावर गेलो. चार झडपांपैकी तीन बंद होत्या. चौथीच्या खाली एक कापसाची गादी अडकली होती. दुमडलेली, निळ्या पट्ट्यांची, पाणी पिऊन फुगलेली. झडप तिच्यावर टेकून हातभर उघडी राहिली होती आणि तेवढ्या जागेतून खाडी आवाज करत आत येत होती. आम्ही पावसाला शिव्या देत होतो, आणि रस्त्यावरचं पाणी समुद्राचं होतं. मी बोट बुडवून चव घेतली तर खारट लागली.

भरतीत ती गादी ओढून काढणं शक्य नव्हतं. पहाटे ओहोटीला कामगारांनी दोर बांधून काढली. तोवर तळमजल्याच्या तीन घरांत पाणी गेलं होतं. त्यातल्या एका घरात दोन दिवसांवर बारसं होतं आणि पाळणा सजवून ठेवला होता.

ती गादी आपल्यापैकीच कुणीतरी नाल्यात टाकली होती. नाल्यात टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती गेटापाशी येते. गेटाच्या आधी लोखंडी जाळी हवी आणि ती जाळी पावसाळ्यात वरचेवर साफ व्हायला हवी, हे त्या रात्रीपासून मी प्रत्येक अर्जात लिहीत आलेय.

तलावात खारफुटी वाढलीय. ती काढत का नाहीत?

कारण कायद्याने ती अशी काढता येत नाही, आणि माझ्या मते तो कायदा योग्य आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती कायम केली. खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोड अटळ असेल तर सरकारी परवानग्यांबरोबर उच्च न्यायालयाचीही परवानगी लागते. "तलाव माणसाने बांधलाय, झाडं नंतर आलीत" हा मुद्दा न्यायालयात मांडता येतो. त्याच्या जोरावर परस्पर कुऱ्हाड चालवता येत नाही.

मग झाडं आली कशी? याचं उत्तर गेटातच आहे. तिवराची (हे खारफुटीतलंच एक झाड) बी झाडावरच अंकुरायला लागते आणि पाण्याबरोबर तरंगत जाते. भरतीसोबत ती तलावात आली, तिला वर आलेला मऊ गाळ मिळाला, ती रुजली. मुळांनी आणखी गाळ धरला, त्यावर आणखी झाडं आली. तलावातलं तिवरांचं रान म्हणजे किती वर्षं गेट उघडं होतं याची नोंद आहे.

मला या प्रश्नात दोन्ही बाजूंचं दुखणं कळतं. तळमजल्यावरच्या माणसाला झाड नको असतं, कारण त्याच्या घरात पाणी येतं. पण खाडीच्या बाजूची हीच झाडं लाटांचा जोर मोडतात, माशांची पिल्लं वाढवतात, बांधाची माती धरून ठेवतात. महाराष्ट्राने २०२० मध्ये खारफुटीतल्याच पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं ते उगाच नाही. म्हणून माझं मत असं: बाहेरच्या झाडांना हात लावायचा नाही. आतल्या झाडांसाठी रीतसर परवानगी मागायची, पाण्याच्या वाटेत येणारी आणि गेटाला अडवणारी तेवढीच, बदली लागवडीसह. आणि त्याआधी झडपा दुरुस्त करायच्या, नाहीतर पाच वर्षांनी पुन्हा तीच झाडं आणि पुन्हा तोच अर्ज.

रात्री कुणी तोडत असेल, ॲसिड टाकत असेल किंवा डेब्रिज टाकून झाडं मारत असेल तर तो गुन्हा आहे. फोटो काढून वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि पोलिसांकडे तक्रार करा.

वास का येतो?

वास दोन प्रकारचे असतात आणि नाकाला फरक कळतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या काळ्या चिखलाचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवा न मिळालेल्या गाळात तो तयार होतो आणि थोड्या प्रमाणात कुठल्याही खाडीकाठी येणारच. पण संडासासारखा, साबणाच्या फेसासकट, दिवसभर येणारा वास म्हणजे सांडपाणी पावसाळी गटारात सोडलंय. एप्रिल-मे महिन्यात, पाऊस नसताना, पावसाळी गटारातून काळं पाणी वाहत असेल तर दुसरा पुरावा नको. कुठल्या चेंबरपासून ते सुरू होतं ते बघा, फोटो काढा आणि तक्रार करा.

जलपर्णीही हेच सांगते. तिला खारं पाणी सोसत नाही. धारण तलावात ती माजली असेल तर आत खाडीचं पाणी येत नाहीये आणि सांडपाणी मात्र भरपूर मिळतंय. पाणकणीस, म्हणजे तो तपकिरी कणसाचा उंच गवताचा प्रकार, दाट वाढला असेल तरी पाणी गोड होतंय असं समजा.

डास तलावामुळे होतात का?

काही होतात. घाण, साचलेल्या पाण्यात क्युलेक डास होतो, रात्री कानाशी गुणगुणतो तो. पण डेंग्यू पसरवणारा एडिस स्वच्छ पाण्याच्या छोट्या साठ्यात अंडी घालतो: कुंडीखालची थाळी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर. शहरी हिवतापाचा ॲनोफिलीसही पाण्याच्या टाक्यांमध्ये होतो. डेंग्यूचा रुग्ण सापडला की सगळे तलावाकडे बोट दाखवतात आणि डास असतो आपल्याच टेरेसवर. तलावाचं पाणी साचून न राहता ओहोटीला बाहेर पडत राहिलं, काठाला डबकी राहिली नाहीत आणि आत मासे असले तर डास आटोक्यात राहतात.

बारमाही पाणी ठेवून कारंजी, बोटिंग सुरू केलं तर?

उन्हाळ्यात ठेवा. पावसाळ्याचे चार महिने नको. पाणी दिसावं म्हणून जूनमध्ये तलाव भरलेला ठेवला तर ७५,००० घनमीटरातले किती शिल्लक राहिले हा प्रश्न मी आधी विचारेन. काठाने चालायची वाट, बाक, झाडं हे सगळं मला आवडतं, मी स्वतः रोज तिथे चालते. काठावर माणसं असली की डेब्रिज टाकायला कुणी धजत नाही. पण ही वाट काठावर हवी, भराव टाकून आत घेतलेली नको. आत सरकवलेला प्रत्येक मीटर पाण्याच्या जागेतून जातो.

गणपती विसर्जन, मासे पकडणं, मुलांचं पोहणं?

विसर्जन कृत्रिम तलावात किंवा पालिकेने नेमून दिलेल्या घाटावरच करा. प्लास्टर ऑफ पॅरिस विरघळत नाही आणि मखराचा थर्माकोल थेट जाळीला जाऊन बसतो. सांडपाणी येत असलेल्या तलावातले मासे खाऊ नयेत. पोहणं अजिबात नाही. पाणी कमरेइतकं दिसतं आणि खाली कमरेइतकाच चिखल असतो, पाय रुतला की सुटत नाही. शिवाय गेट उघडलेलं असताना तोंडाशी ओढ फार असते.

तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना लेप्टोस्पायरोसिसचा ताप टाळणाऱ्या गोळीबद्दल विचारा. ताप येण्याची वाट पाहू नका.

डीपीएस तलाव, चाणक्य तलाव हेही धारण तलावच का?

नाही. त्या नेरुळमधल्या पाणथळ जागा आहेत, फ्लेमिंगो तिथे येतात. तिथे भरतीचं पाणी आत येणंच गरजेचं असतं, ते अडलं की तलाव सुकतो. धारण तलावात उलट, भरती बाहेर थांबायला हवी. दोन्हीकडे "गेट उघडा" किंवा "गेट बंद करा" एकाच सुरात म्हणून चालत नाही.

मुंबईत असे तलाव का नाहीत?

जागा उरली नाही म्हणून. हिंदमाता चौकात तुंबणारं पाणी थोपवायला मुंबई महापालिकेला परळ-दादर भागात मैदानांच्या खाली टाक्या बांधाव्या लागल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली होती, हे सगळ्यांना तेव्हा कळलं. त्यानंतर हिशेब ५० वर नेला. आपल्याकडे उघड्या आकाशाखाली आयती जागा आहे. ती बुजली तर पुन्हा विकत घ्यायची कुणाची ऐपत नाही.

तक्रार कोणाकडे करायची?

आधी तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते विचारा. दिघा ते बेलापूर हा भाग नवी मुंबई महापालिकेचा, खारघर-कळंबोलीकडे २०१६ पासून पनवेल महापालिका आहे, आणि काही ठिकाणी सिडकोकडून हस्तांतर झालंय का हाच पहिला प्रश्न असतो. तुमच्या विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर नाही आलं तर दहा रुपयांत माहिती अधिकार अर्ज करता येतो, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मी हे विचारते: शेवटचा गाळ कधी आणि किती घनमीटर काढला, झडपांची शेवटची दुरुस्ती कधी झाली, तलावाची मंजूर धारणक्षमता किती आणि आजची मोजलेली किती. शेवटच्या दोन आकड्यांतली तफावत कागदावर आली की बैठकीतलं बोलणं बदलतं.

एकट्याने अर्ज करू नका. तलावाभोवतीच्या सगळ्या सोसायट्यांनी मिळून, एप्रिल संपायच्या आत करा. जूनमध्ये पोकलेन तलावात उतरवता येत नाही.

तलाव बघायला कधी जावं आणि काय बघावं?

दोनदा जा. मे महिन्यात अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या पुढच्या दिवशी, एकदा पूर्ण भरतीला आणि सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटीला. भरतीला झडपेच्या आतल्या बाजूला उभं राहून ऐका. पाणी वाहिल्याचा आवाज येता कामा नये. ओहोटीला तलावाच्या आतल्या भिंतीवर ओल कुठवर आहे ते बघा, शेवाळाची हिरवी रेघ बघा. मेमध्ये पाऊस नसतो, म्हणजे गळक्या झडपांतून आलेली भरती तिथवर चढते. त्या रेघेपासून तलावात आत्ता शिल्लक असलेल्या पाण्यापर्यंत अंतर किती, ते एका काठीवर खूण करून मोजा आणि तारीख लिहून ठेवा. आमच्या जिन्याखाली अशा अकरा वर्षांच्या खुणा असलेली एक बांबूची काठी आहे. खूण दरवर्षी थोडी थोडी वर सरकत होती. तीन वर्षांपूर्वी दोन झडपा बदलल्या आणि त्या मेमध्ये ती पहिल्यांदा चार बोटं खाली आली.